फाट्यावरची पाटी

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवगाव फाटा लागतो. सेलूचा रस्ता इथूनच फुटतो. मराठवाड्यात असे फाटे पावलोपावली आहेत आणि त्यांची नावं ठेवण्याची रीत एकच: फाट्याला नाव गावाचं. एसटीत तिकीट काढताना कुणी त्यावर विचार करत नाही, पण रीत मोठी हुशारीची आहे. खूण इथे, ठिकाण तिथे, आणि दोघांना जोडणारं एक नाव.

वेबचा सगळा डोलारा एवढ्याच कल्पनेवर उभा आहे. १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने एक टिपण लिहिलं. तिथे हजारो माणसं काम करत. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळ्या संगणकात, वेगळ्या पद्धतीने ठेवलेली, आणि एकातून दुसऱ्यात जायला रस्ता नाही. त्याने सुचवलं, की मजकुरातल्या शब्दालाच फाटा फोडावा. शब्दावर बोट ठेवलं की त्या नावाच्या कागदावर पोचावं. १९९१ मध्ये पहिली वेबसाइट जगासाठी खुली झाली. तिच्यात चित्रं नव्हती, रंगांची उधळण नव्हती. अक्षरं होती आणि फाटे होते. लिंकला मराठीत ‘दुवा’ म्हणायची पद्धत पडली आहे. मला विचारलं असतं तर मी ‘फाटा’ सुचवला असता.

हे सगळं सांगायचं कारण, वेब डिझाइन शिकायला निघालेली मुलं पहिला प्रश्न चुकीचा विचारतात. लॅपटॉप कोणता घेऊ? क्लास कुठला लावू, परभणीला की थेट पुण्याला? घरबसल्या इतके हजार कमवा, असल्या जाहिराती पाहून आलेली असतात बिचारी. खरा पहिला प्रश्न फाट्यावर उभं राहूनच सुचेल: इथे येणारा माणूस कुठून येतोय, कशावर बसून येतोय आणि त्याला कुठे जायचंय? पाटी त्याच्यासाठी आहे. रंगाचा डबा नंतर उघडायचा.

हाताने पाट्या रंगवणारे जुने पेंटर हेच करत. सुतळीला खडू लावून आधी रेघा मारत, मजकूर वाचून घेत, अक्षरं रुंदीत बसतात का ते बोटांनी मोजत, आणि मगच ब्रश बुडवत. वेबच्या पानाचेही असेच दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याचं नाव एचटीएमएल. त्यात पानावर काय आहे एवढंच सांगायचं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फाटा. दुसऱ्याचं नाव सीएसएस. शीर्षक केवढं, कुठल्या रंगाचं, डावीकडे की मध्ये, हे तिथे. सुरुवातीच्या वर्षांत दोन्ही एकातच कालवलेलं असे, त्यामुळे एक रंग बदलायचा तर शंभर पानं उघडावी लागत. १९९४ मध्ये होकन व्हियुम ली या नॉर्वेजियन माणसाने रंगरूप वेगळ्या कागदावर लिहिण्याची कल्पना मांडली आणि १९९६ च्या अखेरीस सीएसएसची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली.

पहिल्या संध्याकाळी लागतं ते फक्त नोटपॅड आणि ब्राउझर. कोनी कंसात एच१ लिहा, पुढे शीर्षक टाका, तिरक्या रेघेने तो कंस मिटवा. खाली पी लिहून परिच्छेद. यादीला यूएल, यादीतल्या प्रत्येक ओळीला एलआय, फाट्याला ए. फाइलचं नाव इंडेक्स आणि शेवटी टिंब एचटीएमएल. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये उघडते. इंटरनेट नसलं तरी उघडते, वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी शिल्लक असली तरी उघडते, हे आपल्याकडे महत्त्वाचं. एक ठेच मात्र जवळजवळ सगळ्यांना लागते. विंडोज फाइलच्या नावाची शेपटी लपवून ठेवतं, नोटपॅड मुकाट्याने मागे टीएक्सटी जोडतं, आणि पानाऐवजी नुसते कंस दिसत राहतात. पहिला अर्धा तास यात जातो. जाऊ द्यावा.

पहिलं पान कशाचं करायचं? ‘माझ्याविषयी’ नको, स्वतःविषयी लिहिताना माणूस अडखळतो आणि मग रंगांशी खेळत बसतो. समजा, फाट्यावरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राचं पान करायचं. जूनमध्ये पाऊस पडला की शेतकरी काय विचारतो? कपाशीचं अमुक बियाणं आलंय का, दुकान किती वाजेपर्यंत उघडं, फोन नंबर काय. मालकाला मात्र पानावर सर्वांत वर स्वतःचा फोटो हवा असतो, त्याखाली देवीचा, त्याखाली ‘सुस्वागतम्’. शिकणाऱ्याची पहिली परीक्षा इथेच होते, आणि ती संगणकाची नाही. मालकाचा फोटो शेवटी घ्यायचा, त्याला न दुखावता. फोन नंबरला टेल नावाचा फाटा लावायचा, म्हणजे बोट टेकताच फोन लागतो. आकडे पाठ करत मागेपुढे करावं लागत नाही. एवढ्या एका सोयीसाठी अख्खं पान केलं तरी ते सार्थकी लागतं.

फाटा लिहिताना एक वाईट खोड सगळीकडे दिसते: ‘येथे क्लिक करा’. रस्त्यावर गावाचं नाव न लिहिता नुसतं ‘इकडे वळा’ लिहिलेली पाटी कुणी लावली तर लोक वेड्यात काढतील. ‘बियाण्यांची यादी’ या शब्दांनाच फाटा फोडावा. अंध माणसं पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात पानावरचे फक्त फाटे एकामागून एक ऐकता येतात, आणि तिथे दहा वेळा ‘येथे क्लिक करा’ ऐकून काहीही कळत नाही.

आपल्या भागात या धंद्यात येणारी बरीच मुलं फ्लेक्सच्या दुकानातून येतात. कोरल ड्रॉवर हात बसलेला असतो. वाढदिवसाचा दहा बाय वीसचा बॅनर तासाभरात लावतात. ही तयारी फुकट जात नाही, रंग आणि मांडणीची नजर त्यातूनच येते. पण फ्लेक्सची एक सवय वेबवर घात करते: सगळं पान कोरलमध्ये बनवून त्याचं एक चित्र करायचं आणि तेच चढवायचं. दिसतं छान. गूगल त्यातली अक्षरं धड शोधून देत नाही, अंध माणसाला ती ऐकू येत नाहीत, फोनवर मुंगीएवढी दिसतात, आणि कापसाचा भाव बदलला की पुन्हा कोरल उघडा. फ्लेक्सला स्वतःचं माप ठाऊक असतं. वेबच्या पानाला ते कधीच ठाऊक नसतं. ते सहा इंचांच्या फोनवर उघडेल की तहसीलच्या जुनाट मॉनिटरवर, हे बनवणाऱ्याच्या हातात नाही. २०१० साली ईथन मार्कोट या डिझायनरने या अडचणीवर एक लेख लिहिला आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडणी बदलणाऱ्या पानांना ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव मिळालं. शिकणाऱ्याने उलट्या टोकाने जावं. आधी फोनवर नीट दिसेल असं पान करावं, मग रुंद पडद्याची चिंता. फाट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन कोण उभं असतं?

आता मराठीकडे येतो. पहिल्या दिवसापासून पान मराठीतच करावं असं माझं म्हणणं आहे, आणि ते भाषाप्रेमापोटी नाही. इंग्रजीच्या सरळसोट सव्वीस अक्षरांत वेबची बरीचशी यंत्रणा झाकलेली राहते. मराठी लिहिली की ती उघडी पडते.

माझं पहिलं मराठी पान मी मोठ्या हौसेने जतन केलं आणि उघडलं, तर शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. संगणकात अक्षरं नसतात, आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी १९८८ मध्ये इस्की नावाचं प्रमाण आलं आणि त्याच्याच आधारावर १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. ते आकडे फाइलमध्ये साठवायची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ शब्द आपल्या कानाला तीन अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, आणि साठवायला पंधरा बाइट. जुनं नोटपॅड फाइल जतन करताना दुसरीच पद्धत धरायचं, म्हणून माझी ती प्रश्नचिन्हं. २०१९ पासूनच्या विंडोजमध्ये ते यूटीएफ-८ च धरतं. तरी पानाच्या डोक्यावर ‘कॅरसेट यूटीएफ-८’ ही ओळ लिहायची, नाहीतर ब्राउझर अंदाज बांधत बसतो.

दुसरी फजिती डीटीपीच्या दुकानातून येते. लग्नपत्रिका, बॅनर, शाळेचं गॅदरिंग, सगळा जुना मजकूर श्रीलिपी किंवा तसल्याच फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांची चित्रं नेऊन बसवलेली. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर ‘शुभविवाह’ दिसतं, नसलेल्यावर कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांचा खिचडा. तो मजकूर जसाच्या तसा वेबवर चिकटवून चालत नाही. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि आणल्यावर ओळन् ओळ वाचावी लागते, कारण जोडाक्षरं हमखास घसरलेली असतात.

सगळ्यात चकवा देणारं अक्षर मात्र आपलं खास मराठी आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ यातला तो पापणीसारखा अर्धा र. हा संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. पानावर एका रीतीने लिहिलंय आणि शोधणाऱ्याने दुसरीने टाइप केलं, तर समोर असलेला शब्द सापडत नाही असंही होतं. आणि जोडचिन्ह विसरलं तर ‘शेतकर्यांसाठी’ असं, रफार य च्या डोक्यावर चढलेलं रूप उमटतं. परभणी जिल्ह्यात शेतीवर पान करणाऱ्याला हा शब्द टाळता येणार नाही. एक रीत धरावी आणि अख्ख्या साइटवर तीच पाळावी.

पानाच्या सुरुवातीलाच भाषा सांगायची जागा असते. बहुतेक जण कुठूनतरी नमुना उचलतात, त्यात इंग्रजी लिहिलेलं असतं आणि तसंच राहतं. तिथे मराठीचा संकेत, एम आणि आर ही दोन अक्षरं, लिहिला तर काही चांगल्या फॉन्टांत ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात: ल पाकळीचा, श देठाचा. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मराठी आवाज असेल तर तो निवडतं. दोन अक्षरांत एवढं काम.

आता सजावट. इंग्रजी शिकवण्या सांगतात, शीर्षकाच्या अक्षरांत थोडी मोकळी जागा सोडा, रुबाबदार दिसतं. देवनागरीत असं केलं की शिरोरेषा तुटते, आणि शब्द पडक्या भिंतीसारखा दिसतो. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरच्या ओळीतल्या ‘तूर’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांची’च्या रफार-अनुस्वाराला जाऊन धडकतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं जास्त अंतर ठेवलं की मजकूर श्वास घेतो. तिरप्या अक्षरांची आपल्याकडे परंपरा नाही. फॉन्टमध्ये ती नसली की ब्राउझर सरळ अक्षराला ढकलून वाकवतो, आणि दिसतंही तसंच. ठळकपणाही ब्राउझर असाच ओढूनताणून आणतो. त्यामुळे फॉन्ट निवडताना त्यात ठळक वजन खरोखर आहे का, हे आधी बघावं.

फॉन्टची निवड आज श्रीमंतीची आहे, पण ही श्रीमंती अलीकडची. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ आला तेव्हा पडद्यावर युनिकोड मराठी वाचायला बहुतेकांपुढे तोच एक होता. तो रचणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार, कवी आणि मुंबई आयआयटीतले शिक्षक; देवनागरी संगणकात आणण्यात त्यांनी उत्तरायुष्य घातलं. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ कुणालाही विनाशुल्क वापरता येतो. एक अट लक्षात ठेवावी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असतात आणि फाइल इंग्रजी फॉन्टपेक्षा जड होते. एका पानाला एक फॉन्ट, दोन वजनं, बस. फॉन्ट दिलाच नाही तर प्रत्येक फोन आपल्याकडचा वापरतो; अँड्रॉइडवर बहुधा नोटो दिसतो आणि तो मुळीच वाईट नाही.

फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. ‘देवगाव’ नावाची फाइल केली तर पत्त्याची नक्कल करून पाठवताना प्रत्येक बाइटचा टक्क्याच्या चिन्हासकट तीन खुणांचा आकडा होतो. सहा चिन्हं, अठरा बाइट, चोपन्न खुणा. व्हॉट्सअ‍ॅपवर असा पत्ता आला की लोक फसवणूक समजून हात लावत नाहीत. साइटचं नाव देवनागरीत घेता येतं, ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून मिळतो. पडद्यामागे त्याचंही रोमन रूपांतर होतंच.

वजनाचा हिशेब फ्लेक्सवाल्यांना नवा असतो. फोनने काढलेला फोटो सहज चार मेगाबाइटचा असतो. नेट सेकंदाला एक मेगाबिट इतकं रडतखडत चालत असेल, तर तो एक फोटो उतरायला बत्तीस सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी येते आणि माणूस चढून जातो. फोटो हजार पिक्सेल रुंदीपर्यंत लहान केला तर वजन विसाव्या हिश्श्यावर येऊ शकतं, आणि फोनवर फरक दिसतही नाही. रंगांचंही तसंच. फिकट राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं खोलीत मोठी मोहक दिसतात. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी फाट्यावर तो पडदा धरून बघा. वेबच्या सुलभतेचे जागतिक नियम अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक मागतात. तो मोजणारी फुकट साधनं आहेत, पण ऊन हे त्याहून कडक परीक्षक आहे.

जावास्क्रिप्टची घाई करू नये. पानात हालचाल आणणारी ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केली, आणि तिच्या काही विचित्र सवयी त्या घाईच्या आहेत असं म्हणतात. पहिले दोन-तीन महिने तिच्यावाचून काहीही अडत नाही.

शिकायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. मॉझिलाची एमडीएन ही संदर्भसाइट आणि फ्रीकोडकॅम्प इंग्रजीत आहेत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक संगणक-विषयांचे छोटे पाठ भारतीय भाषांत, मराठीतही, ऐकायला मिळतात. फोनवर पहिला आठवडा निघतो, पुढे कीबोर्ड लागतो. आवडलेल्या कुठल्याही पानाचा मूळ मजकूर ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो, आणि हा या विद्येचा मोठेपणा आहे. दुसऱ्या कुठल्या धंद्यात कारागीर आपलं काम असं उसवून दाखवतो? गिटहब पेजेसवर तयार पान फुकट चढवता येतं. दोन वाक्यांत सांगितलं की अख्खी साइट करून देणारी यंत्रंही आता आली आहेत. ती वापरायला माझी ना नाही. पण ‘शेतकर्यांसाठी’ असं छापून आलं तर ते चुकलंय हे ओळखणारा डोळा तुमचाच लागणार.

पान चढवलं की घरात बसून त्याचं कौतुक करू नका. फाट्यावर जा. गाडीची वाट बघत कुणी मावशी किंवा काका उभे असतील, त्यांच्या हातात फोन द्या आणि म्हणा, “काका, यात दुकान किती वाजता बंद होतं, ते जरा बघता का?” मग गप्प बसा. इथे दाबा, खाली सरकवा, असं काहीही बोलायचं नाही, कितीही जीभ वळवळली तरी. त्यांचा अंगठा कुठे थांबतो, कुठे चुकून भलतंच दाबतो, कुठे ते फोन डोळ्यांजवळ नेतात, तेवढं बघा. घरी येऊन फक्त त्याच जागा दुरुस्त करा, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे काका गाठा.